नाडी, ऊन आणि हिरवा प्रकाश : व्यायामातील उष्म्याचा ताण ओळखण्याचा इतिहास

१/
सातारा शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जाणारी आणि तिथून परत फिरणारी २१ किलोमीटरची ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ २०१२ पासून धावली जाते. दिवस पावसाळ्याचे, आकाश ढगाळ, रस्ता ओला. उष्माघाताची शंकाही कोणाच्या मनाला शिवू नये, अशी ही हवा. तरीही हजारो मनगटांवरच्या घड्याळांच्या पाठीशी एक हिरवा दिवा अखंड लुकलुकत असतो आणि नाडी टिपत असतो. शरीर आतून धोकादायक तापू लागले आहे, हे त्या दिव्याला कळू शकते का? या प्रश्नामागे किमान अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

२/
प्रारंभ भाषेपासून करावा. मराठीत ‘ऊन लागले’ असे म्हणतात. या शब्दप्रयोगात एक सिद्धांत दडलेला आहे : उष्णता बाहेरून येते आणि माणसाला बाधते. बसलेल्या माणसापुरते हे बरेचसे खरे आहे. धावणाऱ्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणजे भट्टी शरीराच्या आतच पेटलेली असते. घाम वाळला तर ती उष्णता निघून जाते. हवा दमट असेल तर घाम ओघळतो, पण वाळत नाही. म्हणूनच ढगाळ दिवशीही धावपटू कोसळू शकतो.

३/
सातारा-सांगलीच्या तालमींनी हा धोका यंत्राविना ओळखला होता. पहाटेच्या अंधारात जोर-बैठका, सूर्य वर येण्याआधी मेहनत संपवणे, हौद्याच्या लाल मातीत ताक, तेल, लिंबू, हळद मिसळून ती थंड आणि मऊ राखणे, मेहनतीनंतर थंडाई आणि विश्रांती. या रूढींत उष्म्याचा हिशेब होता. वस्तादाची नजर हेच मापनयंत्र. पठ्ठ्याचा चेहरा, श्वास आणि पावलांची ढब पाहून तो ‘पुरे’ म्हणत असे. थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, तोच पाहतही होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

४/
याच भूमीत व्यायाम राज्यकारभाराचा विषय झाला. आजच्या सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, ते शाळाशाळांत नेले आणि १९३८ मध्ये त्यांवरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सूर्यनमस्कार घालायचे ते उगवत्या सूर्यासमोर. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी दिवसाची सर्वांत थंड वेळ व्यायामाला मिळते, हा त्याचा उघड लाभ. आधुनिक स्पर्धांनी मात्र ही वेळ खेळाडूच्या हातातून काढून घेतली.

५/
पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे ग्रामीण तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सातारचे सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉनसाठी निवडले गेले होते. चौगुले १९ वे आले. त्या दिवशी हवा थंड आणि पावसाळी होती. उष्मा हा त्यांचा शत्रू नव्हता. आठच वर्षांपूर्वी स्टॉकहोममध्ये मात्र याच शर्यतीने आपले दुसरे रूप दाखवले होते.

६/
१४ जुलै १९१२. स्टॉकहोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये कडक उन्हामुळे सुमारे निम्मे धावपटू शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून त्याने अंगाला मेणचट लेप लावला होता, त्यामुळे घामाची वाटच अडली, असे सांगितले जाते. जपानचा शिझो कानाकुरी उष्म्याने बेजार होऊन वाटेतल्या एका बागेत थांबला आणि मुकाट घरी परतला. १९६७ मध्ये त्याला सन्मानाने बोलावून ती शर्यत पूर्ण करवली गेली. वेळ : ५४ वर्षे ८ महिने आणि काही दिवस. जो थांबला, तो वाचला. कधी थांबावे हे कसे कळावे, हाच खरा प्रश्न होता.

७/
विज्ञानाने हा प्रश्न आधी हवेच्या बाजूने सोडवायला घेतला. १७७४ च्या सुमारास लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फॉर्डाइस यांच्या तापवलेल्या खोलीत चार्ल्स ब्लॅग्डन आणि त्यांचे सहकारी शिरले. पारा २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत चढला. त्याच खोलीत ठेवलेली अंडी आणि मांस शिजून गेले, माणसे मात्र सुखरूप बाहेर आली. हवा कोरडी होती आणि घाम वाळत होता. जिवंत शरीर स्वतःला थंड राखते, हे या धाडसाने सिद्ध झाले. त्याची मर्यादा कोठे संपते, हे कळायला आणखी सव्वाशे वर्षे लागली.

८/
ती मर्यादा १९०५ मध्ये जे. एस. हॉल्डेन यांनी दाखवली. कॉर्नवॉलच्या खोल, दमट खाणींत आणि प्रयोगशाळेत त्यांनी स्वतःवर प्रयोग केले. त्यांचा निष्कर्ष असा : साध्या तापमापकाचा आकडा फसवा आहे. पाहायचे ते ओल्या कापडात गुंडाळलेल्या, म्हणजे ‘ओल्या फुग्याच्या’ तापमापकाकडे. हवा स्थिर असताना त्याचा पारा सुमारे ३१ अंश सेल्सिअसवर गेला, तर स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते. कष्ट करणाऱ्यासाठी ही सीमा त्याहून बरीच खाली आहे. सूर्य दिसतो की नाही, याला यात दुय्यम स्थान होते.

९/
हे ज्ञान कागदावर असतानाच पहिले महायुद्ध पेटले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव त्याच परंपरेचे. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या आघाडीवरही लढल्या. तिथे ऊन हाच दुसरा शत्रू होता. जुलै १९१७ मध्ये ब्रिटिश-भारतीय फौजेने रमादीवर केलेला हल्ला फसला. त्यात ५६६ सैनिक जायबंदी किंवा मृत झाले. त्यांपैकी ३२१ जणांना शत्रूच्या गोळीने नव्हे, तर उष्म्याने निकामी केले होते.

१०/
सैन्याला मग नियम हवा होता. अमेरिकन मरीन दलाच्या पॅरिस आयलंड तळावर नवे रंगरूट सरावात कोसळत होते. तेथील अनुभवावर आधारित अभ्यास यग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. ओल्या फुग्याच्या तापमानाला ७० टक्के, उन्हातल्या काळ्या गोलाच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या तापमानाला १० टक्के वजन देऊन एकच निर्देशांक काढायचा, आणि त्यानुसार सराव कमी करायचा किंवा थांबवायचा. हा निर्देशांक आजही वापरात आहे. त्याची एक उणीव मात्र मूलभूत आहे : तो हवा मोजतो, माणूस नाही. एकाच मैदानावर एक जण हसत धावतो आणि दुसरा कोसळतो. तो दुसरा कोण, हे निर्देशांक सांगत नाही.

११/
माणूस मोजायचा तर त्याची नाडी पाहावी, हा विचार या भूमीला नवा नव्हता. तेराव्या-चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरसंहितेत नाडीपरीक्षेचे वर्णन येते. नाडीच्या गतीला तिथे जळू, साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिलेल्या आहेत. नाडी म्हणजे निव्वळ संख्या नव्हे, तिला चाल असते, आकार असतो, हे त्या उपमांत अभिप्रेत होते. परंतु वैद्याच्या बोटांना जे जाणवले ते दुसऱ्याला दाखवता येत नव्हते, आणि धावत्या माणसाची नाडी धरता येत नव्हती.

१२/
युरोपात नाडी आधी संख्येत बसवली गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी सँटोरिओ यांनी लंबकाच्या दोरीची लांबी नाडीशी जुळवून ठोक्यांचा वेग मोजला. १७०७ मध्ये इंग्लंडचे जॉन फ्लॉयर यांनी एका मिनिटाने चालणाऱ्या खास घड्याळाचा पुरस्कार केला. १८६० मध्ये फ्रान्सच्या एटिएन-ज्यूल मारे यांनी मनगटावर बसणारी तरफ बनवली. नाडीची लाट काजळी धरलेल्या कागदावर उमटू लागली. आता आकारही दिसत होता. मात्र त्यासाठी हात स्थिर ठेवावा लागे.

१३/
१९३७ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठाचे आलरिक हर्ट्झमन यांनी बोटावर दिव्याचा प्रकाश टाकला आणि परतणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटाने टिपला. तत्त्व सोपे होते. रक्त प्रकाश शोषते. ठोका आला की त्वचेखाली रक्त वाढते आणि परतणारा प्रकाश कमी होतो. ठोका ओसरला की प्रकाश वाढतो. या उपकरणाला त्यांनी फोटोप्लेथिस्मोग्राफ म्हटले. सुई नाही, तरफ नाही, दाब नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांतील त्वचेचा रक्तपुरवठा याच रीतीने अंदाजला.

१४/
आजच्या घड्याळाच्या जाहिरातींत न येणारा धागा इथे सापडतो. हर्ट्झमन यांचे कुतूहल ठोके मोजण्यापुरते नव्हते. त्यांना त्वचेतले रक्त पाहायचे होते, आणि पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घाम व शरीराच्या तापमान-नियमनावरच संशोधन केले. कारण त्वचा हा शरीराचा रेडिएटर आहे. एरवी तिच्यातून मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी रक्त वाहते. तीव्र उष्म्यात हाच ओघ ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो. प्रकाशाने नाडी टिपण्याची युक्ती आणि उष्म्याचा अभ्यास ही जन्मापासूनची भावंडे आहेत.

१५/
उष्म्याचा ताण या प्रकाशलाटेत कसा उमटतो? स्नायूंनाही रक्त हवे आणि त्वचेलाही. घामाने रक्तातले पाणी घटते, दर ठोक्याला हृदयातून निघणारे रक्त कमी होते आणि तूट भरून काढायला हृदय धावू लागते. म्हणून वेग तोच असतानाही ठोके हळूहळू चढत जातात. दोन ठोक्यांमधल्या अंतरातला स्वाभाविक कमी-अधिकपणा आक्रसतो. त्वचेच्या वाहिन्या रुंदावल्याने लाटेची उंची आणि आकार बदलतो. निर्जलीकरण वाढल्यावर तो पुन्हा वेगळा होतो. आजचे संशोधक याच खुणा एकत्र वाचण्याचा प्रयत्न करतात.

१६/
यंत्राविनाही यातली एक खूण वाचता येते, हे ल्युसिएन ब्रूआ यांनी कारखान्यातल्या कामगारांवर अभ्यास करून दाखवले. काम थांबवून बसायचे आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटातील नाडी मोजायची. तिसऱ्या मिनिटाला ती ९० च्या खाली उतरली तर ठीक. ती ९० च्या वरच राहिली आणि दोन मोजण्यांत १० ठोक्यांचाही फरक पडला नाही, तर शरीर सावरत नाही असे समजावे. कामगाराला एक घड्याळ, एक बोट आणि तीन मिनिटांची विश्रांती एवढेच लागते. यांतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट विश्रांतीच आहे.

१७/
प्रकाशनाडी घराघरांत पोहोचली ती मात्र वेगळ्या कारणाने. १९७४ मध्ये जपानच्या निहॉन कोहडेन कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी यांनी दोन रंगांच्या प्रकाशातील नाडीलाटांची तुलना करून रक्तातला प्राणवायू मोजण्याची रीत शोधली. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या ऐन भरात, आओयागी निवर्तले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार फिरून तापमान आणि ऑक्सिमीटरचा आकडा टिपत होती. सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर कितीतरी बोटांतून तो प्रकाश तेव्हा पहिल्यांदा गेला.

१८/
दरम्यान तोच प्रकाश मनगटावर आला होता. घड्याळांनी हिरवा रंग निवडला, कारण रक्त तो जोमाने शोषते आणि तो वरच्या थरातच राहत असल्याने हालचालीचा गोंधळ तुलनेने कमी होतो. २०१३ मध्ये अमेरिकन लष्कराच्या पर्यावरणीय वैद्यक संस्थेतील मार्क बुलर आणि सहकाऱ्यांनी केवळ मिनिटामिनिटाच्या हृदयगतीवरून शरीराच्या आतले तापमान अंदाजण्याची गणिती पद्धत मांडली. गिळायची तापमापक गोळी किंवा गुदद्वारातला तापमापक नको. नाडीचा चढता क्रम पुरे, अशी ती आशा होती.

१९/
आशेला मर्यादा आहेत. धावताना हात हलतो, घाम येतो, पट्टा सैल होतो. म्हणजे आकडा जेव्हा सर्वाधिक हवा, तेव्हाच तो सर्वाधिक डळमळतो. चढ, चहा, भीती, अपुरी झोप यांनीही नाडी वाढते. शिवाय त्वचेतले कृष्णरंजक हिरवा प्रकाश शोषते. ऑक्सिमीटरचा प्रकाश लाल आणि अवरक्त. तरीही डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले की, कृष्णवर्णीय रुग्णांमधली प्राणवायूची कमतरता त्याच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या मनगटांवर आणि माणदेशी उन्हात पारखल्याशिवाय कोणत्याही गणितावर विसंबणे धोक्याचे आहे.

२०/
माणदेशाचा उल्लेख अकारण नाही. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि १० वे स्थान मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताच्या ओ. पी. जैशा मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडताच कोसळल्या. ललिताताईंच्या पावलावर पाऊल ठेवून माण, खटाव, आटपाडी, जतच्या रस्त्यांवर आज कितीतरी मुले-मुली धावतात. त्यांतल्या बहुतेकांचे लक्ष्य पदक नसते, भरती असते. पोलीस भरतीत मुलांची १६०० मीटर धाव घड्याळावर मोजली जाते, नाडीवर नव्हे.

२१/
भरतीच्या धावेत काय पणाला लागते, हे २०२४ मध्ये झारखंडात दिसले. उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावचाचणीच्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले. कारणांवर वाद झाला, चाचणी काही दिवस थांबवावी लागली. नोकरीसाठी धावणारा मुलगा स्वतःहून थांबत नाही. तेच ऊसतोडीचे. मराठवाड्यातून सातारा-सांगलीच्या फडांत येणारा ‘कोयता’ टनावर मजुरी घेतो. थांबला तर मजुरी बुडते. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत पसरलेल्या मूत्रपिंडाच्या आजारामागे उष्म्याचा ताण आणि निर्जलीकरण हे एक प्रमुख कारण मानले जाते. हिरवा दिवा या मनगटांवर सहसा नसतो.

२२/
आणि दिवा असला तरी पुढचे काम माणसाचेच. आतले तापमान ४० अंशांपुढे जाऊन बोलणे असंबद्ध झाले, पाय लटपटू लागले, शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात. अशा वेळी आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम. अमेरिकेतील फॅल्मथच्या वार्षिक रस्ता-शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ घटना घडल्या आणि सर्वच्या सर्व धावपटू वाचले, कारण बर्फाळ पाण्याची टाकी अंतिम रेषेपाशीच तयार असे.

२३/
ब्लॅग्डनची खोली, रमादीचे वाळवंट, हर्ट्झमनचा दिवा आणि आओयागींचे ऑक्सिमीटर यांनी पाहण्याचे सामर्थ्य वाढवले. तालमीत पाहणारा आणि ‘पुरे’ म्हणणारा एकच होता. आज पाहणारे यंत्र एकीकडे आहे आणि थांबवण्याचा अधिकार दुसरीकडे : आयोजकाकडे, भरती अधिकाऱ्याकडे, मुकादमाकडे. नाडीने दिलेला इशारा त्या हातांपर्यंत पोहोचला आणि थांबणाऱ्याचे नुकसान झाले नाही, तरच प्रकाशाने नाडी वाचण्याच्या या दीर्घ प्रयत्नाचे सार्थक होईल. (समाप्त)